बेताची पुंजी आणि निर्मळची वाडी

मुंबईच्या चाळीत अथवा उपनगरातील दोन खोल्यांत आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे काढलेला, निवृत्तीच्या वेळी भविष्यनिर्वाह निधीची बेताची रक्कम हाती आलेला आणि उरलेली वर्षे मोकळ्या हवेत, विहिरीच्या काठी, झाडांच्या सावलीत घालवावीत अशी इच्छा बाळगणारा मराठी गृहस्थ आज कोठे जाऊ शकतो, हा प्रश्न वरकरणी खाजगी वाटला तरी पाहता पाहता तो जमिनीच्या कायद्याशी, पाण्याच्या वाटणीशी, रेल्वेच्या वेळापत्रकाशी आणि ज्या गावात तो जाऊ पाहतो त्या गावाच्या अस्तित्वाशी जाऊन भिडतो. कोकणातले मूळ घर भावकीच्या वाटण्यांत अडकलेले असते. अलिबागचे भाव धनिकांनी केव्हाच आपल्या हाती घेतलेले असतात. मुलगा-सून अंधेरी-गोरेगावात नोकरीला असल्यामुळे फार लांब जाणेही मनाला पटत नाही. अशा वेळी त्याची दृष्टी पश्चिम रेल्वेच्या टोकाकडे वळते आणि नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस समुद्रापर्यंत पसरलेल्या गास, भुईगाव, वाघोली, निर्मळ, नाळे, राजोडी, नंदाखाल, आगाशी या गावांपाशी येऊन थांबते.

निर्मळला वास्तव्य करून मला बराच काळ झाला, आणि येथे राहणाऱ्या पुष्कळांप्रमाणे माझ्याकडेही अशी चौकशी करणारी माणसे येतात. त्यांच्याबरोबर वाड्यांतून हिंडताना, जमीनमालकांच्या ओट्यावर बसून ऐकताना आणि वसईच्या कचेऱ्यांत कागद पाहताना जे कळत गेले ते येथे मांडतो. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो, कारण ते पुष्कळांना रुचणारे नाही. बेताच्या पैशांत या पट्ट्यात येणाऱ्याने वाडीचा तुकडा विकत घेऊन त्यावर नवे घर बांधू नये. गावठाणातले जुने घर धरावे, विकत मिळाले तर विकत, नाही तर भाड्याने. गावाचे हित यात आहेच. परंतु येणाऱ्याच्या पैशाचे आणि शांत झोपेचेही हित यातच आहे, हे दाखवून देता येण्याजोगे आहे.

निर्मळ हे नालासोपारा स्थानकापासून पाचएक किलोमीटरवर, वसईहून आगाशी-अर्नाळ्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचे गाव आहे. तळ्याकाठच्या उंचवट्यावर शंकराचार्यांची समाधी मानले गेलेले स्थान आहे, आणि कार्तिक वद्य एकादशीस येथे यात्रा भरते ती पुढे कित्येक दिवस चालते. पोर्तुगीज अंमलात येथील देवस्थान उद्ध्वस्त झाले. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यानंतर पेशवाईत तीर्थाचा जीर्णोद्धार झाला. त्याच गावात होली क्रॉस चर्च आहे, आणि समाधीच्या पायऱ्यांवरचा माणूस व चर्चमधून परतणारा माणूस एकाच नाक्यावर भाजी घेतात. सामवेदी ब्राह्मण, सामवेदी ख्रिस्ती म्हणजे कुपारी, वाडवळ, भंडारी, आगरी, किनाऱ्याकडे कोळी, अशी येथील वस्ती आहे. कुपारी घरांतून कादोडी बोली आजही कानी पडते. शेजारच्या सोपाऱ्यात पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली बुरूड राजाच्या कोटाचे उत्खनन करून स्तूप उजेडात आणला आणि त्याच सुमारास अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ साली भुईगावच्या किनाऱ्यावर सापडला. दोन सहस्र वर्षांहून अधिक काळ ज्या भूमीवर माणसे वस्ती करून आहेत, तिच्यात वस्तीला अनुकूल असे काही तरी असलेच पाहिजे, आणि ते काय आहे याचा शोध घेतल्याखेरीज येथे जागा पाहणे व्यर्थ होय.

ते अनुकूल म्हणजे गोडे पाणी. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही या पट्ट्यातील विहिरींना गोडे पाणी लागते, कारण वाळूमिश्रित भूमी पावसाचे पाणी पोटात घेते आणि ते गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहून त्याला वर येऊ देत नाही. या व्यवस्थेला आमच्या पूर्वजांनी जी जोड दिली ती बावखलांची. बावखल म्हणजे वाड्यांच्या मध्ये खणलेले उथळ, रुंद तळे. त्याला चिरेबंदी घाट नसतो, काठावर केवडा अथवा बांबू असतो, पावसाळ्यात ते काठोकाठ भरते आणि नंतर महिनोन् महिने आजूबाजूच्या विहिरींना झिरपून पाणी देत राहते. पूर्वी यावर रहाट चालत. बैलाच्या फेऱ्यांबरोबर पोहरे वर येत आणि पाटातून केळी-पानवेलींना पाणी जाई. आता पंप आहेत. पण पंपाने पाणी ओढले तरी ते भूमीत जिरवण्याचे काम बावखलच करते.

लालबागहून आलेले एक दांपत्य, गिरणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ आणि त्यांची पत्नी, यांना घेऊन मी एका वाडीत गेलो होतो. वाडीचे मालक सत्तरी ओलांडलेले शेतकरी. घरात पत्नीशी कादोडीत बोलले आणि आमच्याकडे वळून मराठीत. त्यांच्या वाडीत मधोमध एक खोलगट जागा होती, अर्धी मुरुमाने भरलेली. “काका, इथे काय होतं?” असे बाईंनी विचारले. “बावखल होतं, वहिनी. पलीकडची जमीन विकली गेली, तिकडच्यांनी भराव टाकला. भराव टाकला त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात माझ्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. केळीची पानं कडेने करपतात ती बघा.” आम्ही पाहिली. पानाच्या कडेला बोटभर रुंदीची तपकिरी झालर होती आणि ती आतल्या हिरव्याकडे सरकत होती. वृद्धाने एक पान हातात धरून दाखवले आणि मग ते तोडून गुरांपुढे टाकले.

जागा पाहायला येणाऱ्याने याहून मोठा धडा दुसरीकडे शोधण्याचे कारण नाही. विहीर पाहावी ती वैशाखात, पाणी तळाला गेलेले असताना, चव घ्यावी, शेजाऱ्याच्या विहिरीची चव घ्यावी, आणि मग केळीची पाने पाहावीत, कारण केळीचे पान विक्रेत्याच्या वतीने खोटे बोलत नाही. नंतर श्रावणाच्या आधी, मुसळधार पावसात पुन्हा येऊन तीच जागा पाहावी. जुलै २०१८ च्या पावसात नालासोपाऱ्याचे रेल्वेमार्ग पाण्याखाली गेले आणि वसईच्या अनेक वस्त्या दिवसच्या दिवस वेढल्या गेल्या; त्यानंतरही पाणी तुंबण्याचे प्रसंग येतच राहिले आहेत. पाऊस पूर्वीही पडत असे. परंतु पूर्वेकडील तुंगारेश्वराच्या डोंगरांवरून उतरणारे पाणी समुद्राला आणि खाडीला ज्या ओढ्यांनी, खाजणांनी, मिठागरांनी आणि बावखलांनी पोचवले जाई, त्या वाटा भरावाखाली गेल्या. ज्या भूखंडाची जाहिरात ‘रस्त्याच्या पातळीवर भराव करून तयार’ अशा शब्दांत केली जाते, त्या भूखंडाखाली पूर्वी काय होते याची चौकशी गावातल्या वृद्धाकडे करावी. तो सांगतो. विचारणारा मात्र क्वचितच भेटतो.

पाण्याची कथा येथे राजकारणाचीही आहे. १९८८ साली शासनाने वसईतील बरीचशी भूमी बांधकामास खुली केली, १९९० साली सिडकोकडे नियोजनाचा अधिकार सोपवला गेला, आणि नव्या इमारतींची तहान भागवण्यासाठी गावांतील विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले. त्याच सुमारास हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी धर्मोपदेशकाची सुरक्षित जागा सोडून रस्त्यावर येऊन या उपशाविरुद्ध आवाज उठवला. ते जवळच्याच नंदाखालचे. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक. पुढे उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२४ च्या जुलैत निवर्तले. २००९ साली चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली तेव्हाही गावे वगळण्यासाठी मोठे आंदोलन झाले. २९ गावांचा वाद वर्षानुवर्षे उच्च न्यायालयात राहिला. आज जी हिरवळ पाहून मुंबईचा माणूस मोहित होतो ती आपोआप उरलेली नाही. कोणी तरी लाठ्या खाऊन ती राखलेली आहे. येणाऱ्याला याची जाणीव असावी एवढी अपेक्षा गावाने ठेवली तर ती अवाजवी नव्हे.

पाण्यानंतर कागद. एक सेवानिवृत्त तलाठी माझ्या परिचयाचे आहेत. गावात सारे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. लालबागच्या गृहस्थांना एका दलालाने वाडीलगतच्या पाच गुंठ्यांचा सातबारा दाखवला होता, तो घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला आणि कागद न्यायाधीशाच्या गांभीर्याने वाचायला घेतला. प्रथम भोगवटादाराचा वर्ग पाहिला; वर्ग एक असेल तर हस्तांतरणास सामान्यतः मोकळीक असते, वर्ग दोन असेल तर शासनाची पूर्वपरवानगी लागते. मग खातेदारांची नावे मोजली: सात. “भाऊ, यातले तुम्हांला किती जण भेटले?” “एकच.” “मग बाकीच्या सहांनी हक्कसोड दिली आहे का, वारसनोंदी झाल्या आहेत का, हे फेरफारात पाहिल्याशिवाय एक पैसा देऊ नका.” नंतर त्यांचे बोट उजव्या बाजूच्या ‘इतर हक्क’ या रकान्यावर गेले आणि तेथेच थांबले. तेथे कूळकायद्याच्या कलम ४३ च्या बंधनास पात्र असल्याची नोंद होती.

या एका ओळीत वसईच्या शेतीचा अर्धशतकाहून मोठा इतिहास आहे. १९४८ च्या कूळवहिवाट कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारी कुळे मालक मानली गेली. परंतु अशा रीतीने मिळालेली जमीन विकावयाची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी आवश्यक ठेवली. २०१४ च्या दुरुस्तीने, खरेदीचे प्रमाणपत्र मिळून दहा वर्षे झालेली असल्यास आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून ही अट सैल झाली, तथापि तो भरला आहे की नाही हे पाहावेच लागते. त्याच कायद्याच्या कलम ६३ ने बिगर-शेतकऱ्यास शेतजमीन विकण्यास मनाई केलेली आहे. याचा अर्थ असा की लालबागच्या ज्या गृहस्थांच्या नावे महाराष्ट्रात कोठेही शेतजमीन नाही, ते हे पाच गुंठे शेतजमीन म्हणून घेऊच शकत नाहीत. दलाल मात्र ‘शेतकरी दाखला करून देतो’ असे सहज सांगून गेला होता. तशा बनावट दाखल्यावर झालेला व्यवहार रद्द होतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. यावर १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आहे. प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा स्वतंत्रपणे विकता येत नाही, म्हणून चार-पाच खरीददारांची नावे एकाच सातबाऱ्यावर सामाईक चढवण्याची युक्ती निघाली, आणि तिचे फळ असे की पुढे पंचवीस वर्षांनी मोजणीच्या वेळी कोणाचा तुकडा कोणता हे कोणालाच सांगता येत नाही. अलीकडे या कायद्याच्या अटी सैल होत चालल्या आहेत, परंतु सैल झालेली अट आपल्या विशिष्ट गटाला लागू आहे किंवा नाही हे विचारण्यावाचून सुटका नाही. पूर्वेकडे मांडवी, पारोळ, उसगाव या भागात जमीन स्वस्त दाखवली जाते तेथे तर पहिला प्रश्न खातेदार आदिवासी आहे का हा असला पाहिजे; महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे ती जमीन बिगर-आदिवासीला शासनमान्यतेशिवाय घेता येत नाही, आणि वारली-कातकरी कुटुंबाच्या अज्ञानाचा लाभ घेऊन बांधलेल्या घरात स्वस्थ झोप लागावी अशी इच्छाही कोणी करू नये.

भाऊसाहेबांनी कागद घडी करून परत दिला तेव्हा गृहस्थांचा चेहरा उतरला होता. पण तो दिवस त्यांच्या आयुष्याची पुंजी वाचवणारा होता, असे मी निःशंकपणे म्हणतो. कागद न पाहता, अथवा पाहूनही स्वस्ताईला भुलून, घर घेतलेल्यांचे काय होते याची उदाहरणे याच तालुक्यात डोळ्यांसमोर आहेत. नालासोपारा पूर्वेस आरक्षित जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या आणि हजारो माणसे रस्त्यावर आली. त्यांतील बहुतेकांनी आपली सारी बचत तेथे घातलेली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये, गणेशचतुर्थी सुरू होता होता मध्यरात्री, विरारची रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळून १७ जणांचा अंत झाला. ही माणसेही स्वस्त घराच्याच शोधात आलेली, आपल्यासारखीच होती. महारेराची नोंदणी, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र हे शब्द ज्याला कंटाळवाणे वाटतात त्याने ही उदाहरणे आठवावीत.

इंग्लंडात हा प्रश्न वेगळ्या रीतीने उभा राहिलेला आहे आणि तुलनेने आपली अडचण अधिक स्पष्ट होते. लंडनभोवती हरित पट्टा राखण्याचा कायदा तेथे १९३८ साली झाला, आणि १९४७ च्या नगर-ग्राम नियोजन कायद्याने जमीन कोणाचीही असली तरी तिच्यावर बांधण्याचा हक्क शासनाच्या परवानगीच्या अधीन आणला. तेथे कोणीही शेत विकत घेऊ शकतो. घर मात्र बांधू शकत नाही. म्हणून बेताच्या पैशांत खेड्यात जाऊ पाहणारा इंग्रज, किनाऱ्यावरच्या कॉर्नवॉलमध्ये श्रीमंतांनी सुट्टीसाठी घेतलेल्या घरांमुळे भाव गगनाला भिडलेले पाहून, लिंकनशायर किंवा डरॅमसारख्या कमी मिरवणाऱ्या परगण्यातले एखादे जुनेच घर शोधतो, आणि मग बस दिवसातून किती वेळा येते, दवाखाना किती लांब आहे, घर उबदार ठेवायला तेल किती लागते याचा हिशेब मांडतो. आपल्याकडे आपण विकत घेण्याला आडकाठी केली आणि बांधण्याला पळवाटा ठेवल्या. त्यामुळे शेतकरी नसलेला प्रामाणिक माणूस अडतो आणि वाडी तरीही मोडतच राहते. खेड्यात जायचे तर खेड्यात अगोदरच उभे असलेले घर शोधावे, ही तेथील सामान्य माणसाची रीत मला अनुकरणीय वाटते.

वाहतुकीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. जो पश्चिम रेल्वेने प्रवास करतो त्याला विरार गाडीची गर्दी सांगण्याची गरज नाही. १८६७ पासून विरारहून मुंबईला गाडी जाते, आणि वसईची केळी, भाजी, मोगऱ्याचे हारे याच गाड्यांनी पहाटे मुंबईच्या बाजारांत पोचत आले. निवृत्त माणसाला रोज जावयाचे नसते, म्हणून त्याने चर्चगेटच्या अंतरापेक्षा स्थानकापासून घरापर्यंतच्या अंतराचा विचार करावा. रात्री साडेदहाला नालासोपाऱ्याला उतरलेल्या वृद्ध दांपत्याला निर्मळपर्यंत बस मिळेल काय? भागीदारीची रिक्षा मिळेल काय? हे त्यांनी एकदा रात्री साडेदहाला उतरूनच पाहावे. तसेच दुखण्याखुपण्याचे. सांडोरचे कार्डिनल ग्रेशस रुग्णालय आणि वसईचे सर डी. एम. पेटिट रुग्णालय हे या पट्ट्यातील जुने आधार. मे महिन्यातल्या रविवारी समुद्रावर जाणाऱ्या मोटारींनी अरुंद रस्ते कोंडलेले असतात तेव्हा तेथे पोचायला किती वेळ लागतो हे विचारून ठेवावे.

किनाऱ्याच्या मोहाविषयीही एक शब्द. कळंब, राजोडी, अर्नाळा येथे समुद्र दिसणारी जागा मिळावी असे ज्यांना वाटते त्यांनी भुईगावच्या सुरूच्या बनात जाऊन मुळे उघडी पडलेली झाडे पाहावीत. समुद्र किनारा खात पुढे येतो आहे, आणि अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरची घरे त्याने नेलेली आहेत. शिवाय किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध आहेत आणि शनिवार-रविवारच्या विश्रामगृहांचा गोंगाट आहे. उत्तरेकडे सफाळे-केळवे ही मात्र विचारात घेण्याजोगी ठिकाणे होत. २०१३ पासून डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या जातात, पानवेलींच्या वाड्या तिकडे टिकून आहेत आणि खर्च कमी येतो. परंतु गाड्या मोजक्या, आणि चुकली की दीर्घ प्रतीक्षा. एकट्या राहणाऱ्या वृद्धाने तिकडे जाण्यापूर्वी दोनदा विचार करावा असे माझे मत आहे.

आता ज्या जुन्या घरांविषयी मी आग्रह धरला त्यांच्याकडे येतो. निर्मळ, वाघोली, गास, नंदाखाल येथील गावठाणांतून हिंडले की कौलारू छपराची, पुढे ओटा व पडवी, मध्ये माजघर आणि मागे परसू असलेली कित्येक घरे कुलूपबंद दिसतात. मुले कॅनडात, आखातात, ऑस्ट्रेलियात. आईवडील एका खोलीत राहतात, उरलेले घर झाकलेले. ही घरे भाड्याने का दिली जात नाहीत, असे विचारले तर उत्तर एकच: घेतलेला माणूस सोडणार नाही. जुन्या भाडेनियंत्रणाच्या काळात मुंबईतील मालकांचे जे झाले ते ऐकलेल्या पिढीची ही भीती आहे आणि ती निराधार म्हणता येणार नाही. परंतु ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने ती पुष्कळशी दूर केली आहे: लेखी व नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार असल्यास मुदत संपताच मालकाला जागा परत मिळवण्याचा शीघ्र मार्ग कलम २४ ने दिला आणि कलम ५५ ने अशा कराराची नोंदणी सक्तीची केली. नोंदणी दुय्यम निबंधकाकडे वा घरबसल्याही होते. हे दोन्ही पक्षांना नीट समजावून सांगणारे कोणी तरी गावात असावे लागते. आमच्याकडे ते काम अलीकडे पतसंस्थांतली आणि चर्चच्या मंडळांतली काही तरुण माणसे करू लागली आहेत. ज्या तालुक्यात १९१८ साली बसीन कॅथॉलिक सहकारी बँक उभी राहिली, त्या तालुक्याला परस्परविश्वासाचा व्यवहार नवा नाही.

अशा घराचे भाडे शहरातील सदनिकेहून बहुधा कमी पडते, पण त्याबरोबर काही खर्च येतात ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजेत. कौले दर पावसाळ्यापूर्वी चाळून घ्यावी लागतात. वाळवीवर लक्ष ठेवावे लागते. वीज गेली की बराच वेळ येत नाही, म्हणून इन्व्हर्टर लागतो. सापाची भीती ज्याला वाटते त्याने सायंकाळी विजेरी घेऊनच परसात जावे. उलटपक्षी पावसाळा सरल्यावर शेजारच्या अंगणात राजेळी केळी सोलून मांडवावर वाळत घातलेली असतात, दिवसा ऊन दाखवून रात्री झाकून आठवडाभरात ती मधासारख्या रंगाची होतात, मग सुक्या केळीच्या पानात आवळून सोपटाने बांधतात आणि सुकेळी म्हणून निर्मळच्या यात्रेत विकतात. त्या कामाला एक हात कमी असतो आणि येऊन बसणाऱ्या माणसाला नाही म्हणत नाहीत. गावात मिसळण्याला याहून वेगळी विद्या लागत नाही. जो उंच कुंपण घालून, बाहेर ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी लावून राहतो, त्याला मात्र आजारपणाच्या रात्री हाक मारायला कोणी नसते, आणि याबद्दल त्याने गावाला दोष देऊ नये.

माझी एक मागणी नव्या विकास योजनेच्या कर्त्यांकडे आहे, आणि ती येथे नोंदवणे मी कर्तव्य समजतो. २००१ ते २०२१ या काळासाठी केलेल्या योजनेची मुदत संपलेली आहे; नवी योजना पक्की होण्यापूर्वी पश्चिम पट्ट्यातील एकूण एक बावखल मोजणी करून नकाशावर चढवावे, आणि त्याच्या काठापासून काही अंतरापर्यंत भरावास मनाई करावी. उत्तन-विरार सागरी सेतूच्या चर्चेने जमिनीचे भाव आताच चढू लागले आहेत. सेतू होईल तेव्हा होईल, पण त्याच्या नावाने वाड्या आज विकल्या जात आहेत. ज्याला केवळ राहावयाचे आहे अशा बेताच्या मिळकतीच्या माणसाचा आणि वाडी कसणाऱ्याचा स्वार्थ या बाबतीत एकच आहे, कारण विहीर खारी झाली तर पहिल्याचे घर निरुपयोगी होते आणि दुसऱ्याची बाग.

लालबागच्या दांपत्याने पाच गुंठ्यांचा नाद सोडला. निर्मळमध्येच एका वृद्ध विधवा बाईंच्या घराचा मागचा भाग, दोन खोल्या आणि परसू, त्यांनी लिव्ह अँड लायसन्सवर घेतला आहे. करार ठरताना बाईंनी तीन अटी घातल्या: वाडीतले झाड विचारल्याशिवाय तोडायचे नाही, विहिरीवर दुसरा पंप बसवायचा नाही, आणि त्यांना रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यावे लागले तर गृहस्थांनी बरोबर यायचे. पहिल्या दोन अटी भाऊसाहेबांनी मसुद्यात घातल्या, तिसरी कागदावर कशी लिहावी हा प्रश्न पडला तेव्हा गृहस्थ म्हणाले, “आजी, ती लिहायची गरज नाही.” बाईंनी मात्र ती लिहूनच घेतली. करार नोंदला गेला आहे. सामान यात्रेची गर्दी ओसरल्यावर आणायचे ठरले आहे, कारण यात्रेच्या दिवसांत टेम्पो गावात शिरत नाही.